नावाड्याचं अर्धं गाणं

फार पूर्वी एक रुंद नदी होती आणि तिच्या दोन्ही काठांना मिळून एकच नाव होती. नाव एक, म्हणून नावाडीही एक. अलीकडच्या काठावर त्याचं गाव, त्याचं खोपटं आणि नाव बांधायचा खुंटा. पलीकडच्या काठावर बाजाराला जाणारी वाट. सकाळी माणसं न्यायची, सांजेला आणायची, मधल्या वेळात नावेत साठलेलं पाणी उपसायचं, असा त्याचा दिवस जायचा. हात दणकट, स्वभाव गरीब. आवाज म्हणाल तर पलीकडून कुणी "नाव हाय का होऽऽ" अशी हाळी दिली की "आलो आलोऽऽ" म्हणण्यापुरता. गाणंबिणं त्याच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं आणि न केल्याचं कुणाला वाईटही वाटलं नव्हतं.

त्या नदीवर एक रीत होती. नावाड्यानं पलीकडच्या काठाला पाय लावायचा नाही. नाव टेकवायची, माणसं उतरवायची, असतील ती घ्यायची आणि लगेच फिरायचं. म्हणे कधीकाळी एक नावाडी पलीकडे लग्नाच्या जेवणाला उतरला आणि लाडवांवर आडवा हात मारत बसला. इकडे एक बाई बाळंतपणात अडलेली, सुईण आणायला निघालेली माणसं काठावरून हाका मारून मारून थकली. पुढं काय झालं ते म्हातारी माणसं सांगत नसत, नुसती मान हलवत. गोष्ट खरी की खोटी कोण जाणे, पण रीत खरी होती. आपल्या नावाड्याच्या बापानं ती पाळली, आज्यानं पाळली, आणि यानंही कधी त्या चिखलाला अंगठा लावला नव्हता.

एका संध्याकाळी पलीकडे जायला एकच बाई नावेत बसली. सुया, बिब्बे आणि काळे मणी विकत गावोगाव हिंडणारी. झोळी मांडीवर घेतलेली, पाय पाण्यात सोडलेले. नाव मधल्या धारेला लागली तशी बाई गुणगुणायला लागली. शब्द नव्हतेच, नुसता सूर. तो हळूच वर चढला, जरा थांबला, आणखी वर गेला. नावाड्याचं वल्हं त्याच्या नकळत मंद झालं. सूर वर जाऊन अशा जागी उभा राहिला की आता तो खाली येणार आणि येताना काहीतरी सांगणार, असं ऐकणाऱ्याला वाटावं. आणि नेमकी तेव्हाच नाव काठाला लागली.

"येते रे दादा," बाई म्हणाली. झोळी खांद्याला अडकवून ती चढण चढू लागली. गाणं तिनं सोडलं नव्हतं, तिची मान डोलताना दिसत होती. पण वारा उलटा होता, ऐकू काही येईना. नावाड्यानं एक पाय उचलला आणि नावेच्या कडेवरून बाहेर काढला. चिखल वीतभर खाली होता. चार ढांगा टाकल्या असत्या तर पुढचं ऐकायला मिळालं असतं. पण अलीकडून कुणीतरी हाळी देत होतं. नावाड्यानं पाय आत घेतला आणि नाव फिरवली.

झालं! त्या दिवसापासून त्याच्या जिवाला चैन पडेना.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गुणगुणण्याचं काय घेऊन बसलात? ज्याला असं कधी झालंच नाही त्याला ते सांगून कळायचं नाही, आणि ज्याला झालंय त्याला सांगायची गरज नाही. नावाडी जेवायला बसला की मनात तो सूर चढायला लागायचा. चढायचा, त्या जागी जाऊन उभा राहायचा, आणि पुढं वाटच नाही. घास हातातच राहायचा, कालवण गार व्हायचं.

त्याची बायको तोंडानं फटकळ आणि मनानं निर्मळ होती. ती म्हणायची, "अहो, घास वाट बघतोय तुमची."

"ते पुढं कसं असंल गं?"

"काय पुढं?"

"ते गाणं."

"गाणं गेलं त्याचं दुःख हाय का बाई गेली त्याचं, ते एकदा नीट सांगा. म्हंजे मला हसायचं का रडायचं ते ठरवता येईल."

"बाईचं तोंडसुद्धा आठवत न्हाई गं," नावाडी काकुळतीनं सांगायचा. आणि ते अगदी खरं होतं. त्याला आठवत होती ती फक्त सुराची ती उंच जागा, जिथून पुढं काहीतरी होतं आणि ते त्याला मिळालं नव्हतं.

त्यानं बाईची वाट पाहिली. पण हिंडून विकणाऱ्यांचं काय, आज या गावाला तर उद्या त्या. ती पुन्हा आली नाही. मग नावाडी नावेत बसणाऱ्या माणसांना विचारू लागला. आधी लाजत, मग उघडपणे. आपल्या जाड्याभरड्या आवाजात तो तेवढा सूर म्हणून दाखवायचा आणि विचारायचा, "ह्याच्या पुढचं कुणाला येतं का?"

एका धनगरानं पुढचं म्हणून दाखवलं. ते मेंढरं हाकल्यासारखं झालं. माहेराहून परतणाऱ्या एका सासुरवाशिणीनं डोळे मिटून एक सूर लावला. तो गोड होता, पण अंगाईसारखा झोपाळलेला. एक भजनी बुवा म्हणाले, "अरे, त्यात काय एवढं? गाणं कुठलंही असो, शेवटी देवाचं नाव घ्यायचं की संपलं." त्यांनी ते घेतलंही, मोठ्यानं. नावाडी प्रत्येकाचं मन लावून ऐकायचा, जरा थांबायचा आणि हळूच म्हणायचा, "हे न्हवं."

काहींना राग यायचा. आम्ही जीव तोडून गायचं आणि यानं नाक मुरडायचं! होता होता त्याचं नावच 'हे-न्हवं' पडलं. काठावरची पोरं त्याला तसं चिडवायची. तोही हसायचा. पण त्या हसण्याला काही अर्थ नव्हता, आतली चुटपुट जात नव्हती.

मात्र या सगळ्यात एक गोष्ट घडली होती आणि ती कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. इतकी वर्षं नदीवर काढून नावाड्यानं नदी कधी ऐकली नव्हती. आता तो ऐकू लागला होता. खोल पाण्यात वल्हं पडतं तेव्हा वेगळं वाजतं आणि उथळ पाण्यात वेगळं. दोर ओला असताना एका तऱ्हेनं कुरकुरतो आणि सुकल्यावर दुसऱ्याच. हाळी देणारा घाईत असला की त्याचा 'होऽ' तुटतो, घरी जायची ओढ असली की लांबतो. प्रत्येक आवाजाला त्याला वाटायचं, आलं, आता पुढचं आलं. ते यायचं नाही. पण रोज वाटायचं, आणि रोज तो पुन्हा कान द्यायचा.

एक दिवस गावात पालखी आली. राजाचे गवईबुवा शेजारच्या राज्यात उत्सवाला निघाले होते. पांढरीशुभ्र दाढी, अंगावर जरीची शाल, मागं तंबोरे घेतलेले शिष्य. त्यांना नदीपार पोचवायला गावचा पाटील स्वतः नावेत चढला. नाव धारेला लागल्यावर पाटलाला थट्टेची लहर आली. तो म्हणाला, "बुवा, हा आमचा नावाडी मोठा रसिक बरं का! एक गाणं अर्धं ऐकलंय आणि पुढचं कुणी म्हटलं की म्हणतो, हे न्हवं."

सगळे हसले. गवईबुवा मात्र म्हणाले, "म्हण बघू."

नावाड्यानं मान खाली घालून सूर म्हटला. तो उंच जागी जाऊन थांबताच गवईबुवांनी तो अलगद उचलला आणि असा काही खाली आणला की वाहवा! वळणं काय, नजाकत काय. शिष्यांच्या माना डोलल्या, पाटलानं मांडीवर थाप मारली.

"हेच ना?" गवईबुवांनी विचारलं.

'हे न्हवं' हे शब्द नावाड्याच्या जिभेवर आले होते. पण समोर बुवांची शाल, बाजूला पाटलाचे वटारलेले डोळे. त्याला वाटलं, एवढा मोठा माणूस म्हणतोय तर हेच असेल. आपण कोण सांगणार? आणि खरं सांगू का, तो थकलाही होता. रोज त्या उंच जागी जाऊन रिकाम्या हातानं परतायचं, किती दिवस परतायचं?

"हेच," तो म्हणाला. "हेच, महाराज."

गवईबुवांनी खुश होऊन अंगावरची शाल त्याच्या खांद्यावर टाकली. ते पलीकडे उतरून गेले आणि गावात बातमी झाली की नावाड्याचं गाणं सापडलं. बायकोनं देवापुढं नारळ फोडला. जो तो नावेत बसला की म्हणायचा, "म्हण की रे तुझं गाणं," आणि नावाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायचा. लोक माना डोलवायचे. त्याचं जेवण सुधारलं. झोप तर अशी लागू लागली की बायकोला हलवून उठवावं लागे.

मग हळूहळू त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. काय ते कळेना. एकदा रिकामी नाव घेऊन परतताना त्यानं ठरवलं, गवईबुवांचं राहू दे, नुसता त्या बाईचा सूर म्हणून बघू. तो चढला, आणखी चढला, आणि उंच जागी थांबायच्या ऐवजी घसरून सरळ बुवांच्या वळणात शिरला. त्यानं पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. ती जागाच राहिली नव्हती. त्यानं नदीकडं कान दिला. वल्हं पाण्यात पडत होतं, दोर कुरकुरत होता, पण कशातूनही 'आता पुढचं येईल' असं वाटत नव्हतं. वल्हं मांडीवर ठेवून तो भर नदीत रडला. ज्या हुरहुरीनं त्याची झोप उडवली होती, तिच्यासाठीच आता त्याचा जीव तुटत होता.

घरी आला तेव्हा बायको चूल फुंकत होती. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि फुंकणी खाली ठेवली.

"मी खोटं बोललो," नावाडी म्हणाला. "ते न्हवं ते. मी भ्यालो आणि 'हेच' म्हणालो. आता माझ्याजवळ व्हतं तेवढंबी गेलं."

बायकोनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "नारळ मीच फोडला. म्हटलं, सुटलं एकदाचं येड. तवा तुम्ही घास हातात धरून बसायचा, मला लई राग यायचा. पण तुम्ही घरात असायचा. आता नीट जेवता, नीट झोपता, आणि घरात कुणी हाय असं वाटतच न्हाई."

"मग काय करू?"

"ज्याला 'हेच' म्हणालात, त्यालाच सांगा की हे न्हवं."

"राजाच्या गवयाला? चार माणसांत? अगं, पाटील नाव काढून घेईल."

नाव गेली तर चूल विझणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती चुलीकडं बघत राहिली. "घेईल," ती म्हणाली. मग पुन्हा फुंकणी उचलली. "तरी सांगा."

थंडी सरल्यावर गवईबुवा उत्सव आटोपून परत आले. पाटील त्यांना आणायला पलीकडे गेलाच होता. नाव भरली. नावाड्यानं घडी घातलेली शाल सोबत आणली होती. मधल्या धारेत आल्यावर त्यानं वल्हं थांबवलं आणि शाल बुवांच्या पायाशी ठेवली.

"महाराज, त्या दिवशी मी खोटं बोललो. हे न्हवं ते."

 पाटील कडाडला, "मस्ती आली काय रे? काठाला लागलास की वल्हं खाली ठेवायचं. उद्यापासून ही नाव दुसरा चालवील!"

"ठेवतो," नावाडी म्हणाला. "पण हे न्हवं ते."

गवईबुवांनी हात वर करून पाटलाला थांबवलं. ते नावाड्याकडं सरकून बसले. "मग खरं कसं आहे?"

"ठावं न्हाई, महाराज."

"तू पुढचं ऐकलं होतंस?"

"न्हाई. वारा उलटा व्हता."

"जे तू कधी ऐकलंच नाहीस, ते मी चुकीचं म्हटलं हे तुला कसं कळलं?"

नावाडी गोंधळला. हा प्रश्न त्याच्या मनात कधी आलाच नव्हता. खरंच की, कसं कळलं? प्रत्येक वेळी कळत होतं एवढं मात्र पक्कं. "आत कुठंतरी दुखतं," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "कुणी दुसरं म्हटलं की जास्तच दुखतं."

गवईबुवा नदीकडं बघत राहिले. बोलले तेव्हा त्यांचा आवाज गाण्यातला नव्हता, साध्या म्हाताऱ्या माणसाचा होता.

"तू ते ऐकलं असतंस तर त्या बाईचं गाणं घेऊन सुखानं घरी गेला असतास. तू ऐकलं नाहीस, म्हणून तुझं स्वतःचं गाणं आत हलायला लागलं. जे तुला सापडत नाही ते तिच्याजवळ नाहीच रे, ते तुझंच आहे." त्यांनी पायाशी पडलेल्या शालीवरून हात फिरवला. "मलाही असं दुखायचं. मी तेव्हा गुरूंच्या घरी नवा होतो. मनात काहीतरी अर्धं होतं. गुरू मोठे, त्यांनी ते पुरं करून दिलं आणि विचारलं, हेच ना? मी 'हेच' म्हणालो. पुढं राजानं विचारलं, लोकांनी विचारलं, सगळ्यांना 'हेच' म्हणालो. मोठं नाव झालं. पण ते अर्धं काय होतं, आता काही केल्या आठवत नाही."

बोलता बोलता म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. शिष्य इकडं तिकडं बघू लागले. नावाड्याला बुवांची इतकी दया आली की त्यानं न राहवून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. राजाच्या गवयाच्या गुडघ्यावर!

"तुझं अजून दुखतंय का?" बुवांनी विचारलं.

नावाड्यानं आत चाचपून पाहिलं. तो चकित झाला. "दुखतंय, महाराज. आता 'हे न्हवं' म्हटलं, आणि लागलं दुखायला."

"मग जप त्याला. कुणी कितीही चांगलं दिलं तरी त्या जागी बसवू नकोस. मीसुद्धा."

काठ आला. बुवांनी शाल पुन्हा नावाड्याच्या हातात दिली. "पुढच्या थंडीत कामी येईल," ते म्हणाले. उतरता उतरता पाटलाला सांगून गेले, की ही नाव याच्याकडून गेली तर मला राजाच्या कानावर घालावं लागेल. पालखी निघून गेली.

बायको खुंट्याजवळच उभी होती. काय झालं ते विचारायला तिनं तोंड उघडलं, एवढ्यात पलीकडून लांबलचक हाळी आली. कुणाला तरी घरी जायची ओढ लागली होती. नावाडी "आलो आलोऽऽ" म्हणाला आणि रिकामी नाव घेऊन निघाला.

थोडा पुढं गेल्यावर तो गाऊ लागला. पाण्यावरून त्याचा आवाज बायकोला स्वच्छ ऐकू येत होता. सूर वर चढला, त्या उंच जागी गेला, आणि या वेळी घसरला नाही, थांबला. मग तिथून एक वेडंवाकडं पाऊल पुढं पडलं. असलं काही तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. लगेच नावाड्याचाच आवाज आला, "हे न्हवं." तो पुन्हा चढला, दुसरीकडून उतरून पाहिलं. "हे न्हवं." नाव लहान लहान होत चालली होती. बायको पाण्यात घोट्यापर्यंत शिरून कान देऊन उभी होती. आणखी एकदा, "हे न्हवं."

मग सूर पुन्हा चढला आणि तिथून एक लहानशी ओळ खाली आली. तिच्यात बुवांची वळणं नव्हती, सुया विकणाऱ्या बाईची गोडीही नव्हती. आवाज जाडाभरडाच होता. पण बायको आणखी दोन पावलं पाण्यात शिरली, लांबून कुणी ओळखीच्या माणसानं हाक मारल्यासारखी. ती वाट बघत राहिली, आता म्हणेल, आता म्हणेल.

नदीवरून 'हे न्हवं' काही आलं नाही.

तात्पर्य म्हणायचंच तर इतकंच: आपल्या मनातली हुरहूर दुसऱ्यानं दिलेल्या सुरानं मिटवली तर झोप चांगली लागते, पण आपलं गाणं आपल्याला भेटत नाही. म्हणून जे आपलं नव्हे त्याला 'हेच' म्हणू नये.